येथे टपाल देऊ नये

२ एप्रिल, रविवार

कडी पडल्याचा आवाज. लोखंडी साखळीची कडी, कोयंड्यात पडते तशी. आधी सळ्, मग खट्. सहासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज, पण आज दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला आणि तो इतका स्वच्छ आला की उठून दार पाहून आलो. दार बंदच होतं. बाहेर कोणी नव्हतं.

बटणला पत्र धाडून आज पाच दिवस झाले. बटण म्हणजे माझी धाकटी बहीण. दीड वर्षाची असताना आईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण गिळलं, तेव्हापासून हेच नाव. त्र्याहत्तराव्या वर्षीही हेच. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. आई गेल्यावर सगळे जमलो होतो, तेव्हा ती भरल्या पानावरून उठून गेली ती गेलीच. माझी समजूत अशी की आईचं शिवणयंत्र मी तिला न विचारता मावसबहिणीला देऊन टाकलं, त्याचा राग.

पत्र चार पानी झालं. पावणेचार पानं इकडचीतिकडची: परसातला पेरू, शाळेतला उडालेल्या रंगाचा फळा, पाठ केलेल्या कविता. कामाचं वाक्य शेवटी, एकच. ते इथे लिहीत नाही. त्याच्याखाली एवढंच: 'फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर मला खोटं बोलता येतं.'

६ एप्रिल, गुरुवार

पोस्टमनची वाट पाहत दारात उभा होतो. पत्रपेटीतून बारीक गुणगुण येत होती. पेटी माझ्या हातची, छापखाना मोडला तेव्हा छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, ठेवायचा एक जुना लाकडी खण उचलून आणला होता, त्याची केलेली. कान लावला. आवाज असा गोड की चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आला. दुपारची शेवटची तासिका, खिडकीतून उतरलेलं ऊन, आणि चाळीस पोरं एका सुरात:

गुणगुण ज्याच्या दाराशी
मध दडला त्या उराशी

पाच कडव्यांची कविता. कवीचं नाव पुस्तकात छापलेलं नव्हतं. मला ती अजून सगळी येते.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून येत होत्या. "काका, कान लावून काय ऐकताय? बातम्या लागल्यात का?"

"मधमाश्या आल्यात पेटीत," मी म्हटलं.

त्यांनी लांबूनच फटीत पाहिलं आणि दोन पायऱ्या मागे सरल्या. "मधमाश्या कसल्या! गांधीलमाश्या आहेत त्या. लोंबते पाय बघा ना. जन्मभर पुस्तकं वाचलीत ना हो तुम्ही?"

वाचली. चाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो. पण हा फरक मला कधीच कळला नाही, आणि तो मला फार महाग पडलेला आहे. म्हणजे मला नव्हे.

८ एप्रिल, शनिवार

पोस्टमनला डंख. पेटीत मासिक सरकवायला गेला आणि अंगठ्याला बसला. अंगठा बघता बघता टोमॅटोएवढा झाला. मी चुना शोधायला धावलो, तर नर्सबाईंनी वरून बर्फ आणला आणि मला बाजूला सारलं.

पोस्टमन बिचारा भला माणूस, सतरा वर्षं हीच गल्ली. म्हणाला, "साहेब, तुमच्या पेटीला आता पहारेकरी ठेवलेत होय? सोमवारपासून तसाही रजेवर आहे महिनाभर, मुलीकडे चाललोय. बदलीवर येईल त्याला तरी वाचवा. पाटी लावा काहीतरी."

नर्सबाई म्हणाल्या, "पाटी कशाला? माणूस बोलवा, औषध मारा, संपलं."

मी म्हटलं, बघू.

९ एप्रिल, रविवार

पाटीचा मजकूर करण्यात सकाळ गेली. पहिला खर्डा असा होता: 'या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केले आहे. तरी कृपया टपाल पेटीत न टाकता दारावर द्यावे.' पुठ्ठ्यावर मावेना. शिवाय पाल्हाळ. 'तरी कृपया' हे अर्जातलं मराठी, ते काढलं. माश्यांचं कारण सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही, ते काढलं. पाटी पेटीवरच लागणार, मग 'पेटीत' हा शब्द कशाला? काढला. उरलं: 'येथे टपाल टाकू नये.'

पण 'टाकू' हा शब्द डोळ्यांत खुपायला लागला. टाकतात तो कचरा. बटणचं पत्र येणार, ते काय कुणी टाकायचं? पत्र देतात. म्हणून केलं: 'येथे टपाल देऊ नये.'

चार शब्द आणि पूर्णविराम. ठळक अक्षरात लिहून पेटीच्या वर भिंतीला टाचलं. लांबून पाहिलं. एकही चूक नाही.

१२ एप्रिल, बुधवार

बदलीवर एक तरुण मुलगी आली आहे. खिडकीतून पाहत होतो. पेटीपुढे थांबली, पाटी दोनदा वाचली, हातातला गठ्ठा परत पिशवीत ठेवला, वहीत काहीतरी टिपलं आणि गेली. कुठे हुज्जत नाही, कुठे वायफळ चौकशी नाही. लिहिलेलं वाचून त्याप्रमाणे वागणारी माणसं आता दुर्मीळ झाली आहेत. बरं वाटलं.

बटणचं काही नाही. इतक्यात येणारही नाही म्हणा. तिला चार पानं वाचायला वेळ लागतो.

१९ एप्रिल, बुधवार

काही नाही. हल्ली विजेचं बिलसुद्धा येत नाही, मासिकही नाही. जगानं मला निवृत्त केलं ते आता कुठे पुरतं झालं म्हणायचं.

दिवसभर माश्या पाहतो. एक येऊन माझ्या खिडकीच्या चौकटीवर बसते, जुनं लाकूड दातांनी तासते, चावून त्याची लापशी करते आणि पेटीत नेऊन थापते. वाळली की कागद. करडा, पातळ, खरा कागद. जन्म कागदात गेला, पण कागद करताना कुणाला पाहिलं नव्हतं. एवढ्या कागदावर एक अक्षर नाही आणि एक थेंब मध नाही.

आज ते वाक्य लिहून टाकतो. पत्रात लिहिलं, तर इथे लपवून काय करायचं?

मी दहा वर्षांचा, बटण सात. परसात सरपणाचं खोपट होतं, त्याच्या वळचणीला असंच पोळं लागलं. मी बटणला म्हणालो, मध आहे त्यात. ती म्हणाली, "कशावरून?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे." मग तिनं पुढे विचारलं नाही. पुस्तकात आहे म्हटल्यावर ती कधीच विचारायची नाही. काठी कुणी मारायची यावर मात्र अडलं. मी म्हणालो, "तू मार, मी कविता म्हणतो. ही कविता म्हटली की त्या चावत नाहीत." हे पुस्तकात नव्हतं. हे माझं.

तिनं काठी मारली. मी घराच्या मागच्या दारात उभा होतो, पहिलं कडवं चाललं होतं. एक काळा ढग खाली आला. मी आत पळालो आणि दार लावून कडी घातली. सळ्, खट्.

ती दारावर आली. दोन्ही तळव्यांनी थापा मारत होती. "दादा, कडी काढ. दादा, कडी काढ." मी आत डोळे मिटून कविता म्हणत राहिलो. तिसरं कडवं, चौथं, पाचवं. पाचवं संपलं तेव्हा थापा थांबल्या होत्या.

आई पाणी घेऊन आली तेव्हा तिला बटण पायरीवर सापडली. मी सांगितलं, "मी आत अभ्यास करत होतो. तिला नको म्हटलं होतं." आईनं तापात पडलेल्या पोरीच्या उशाशी बसून तिलाच रागे भरलं. नवव्या दिवशी ताप उतरला. डावा डोळा गेला तो गेला. पुढे वर्गात पहिल्या बाकावर बसून, मान कलती करून, एका डोळ्यानं चिमणीसारखी वाचायची. पाचवीत तिला शाळेतून काढलं. आणि मी जन्मभर डोळ्यांवर पोट भरलं.

तिनं कुणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही.

पत्रातलं वाक्य एवढंच होतं: कडी मी घातली होती.

२३ एप्रिल, रविवार

नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

नर्सबाई डाळीची वाटी परत करायला आल्या आणि भिंतीवरच्या फोटोपुढे थांबल्या. "ही तुमची बहीण ना? डोळ्याला काय झालं हो?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लहानपणी पोळं काढायला गेली. मी शंभरदा बजावलं होतं. हट्टी फार."

बोललो आणि स्वतःच्याच कानांनी ऐकलं. हेच मी आई गेल्यावर जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. विषय आईच्या रागाचा निघाला होता, मी म्हटलं, "आणि ही बया! मी आतून ओरडतोय, नको, नको, आणि हिला मध पाहिजे!" सगळे हसले होते. रडून रडून दमलेली माणसं, त्यांना हसायला निमित्तच हवं होतं. बटणनं घास खाली ठेवला होता.

नर्सबाई गेल्यावर अकरा वर्षांपूर्वीची दैनंदिनी काढली. शिवणयंत्र मी दिलं ते त्या जेवणानंतर आठ दिवसांनी. म्हणजे ती उठून गेली तेव्हा यंत्र घरातच होतं, तिच्या पाठीमागेच ठेवलेलं. दुसऱ्यांच्या पुस्तकांत तारखांची अशी चूक मी एका नजरेत धरायचो.

थोड्या वेळानं नर्सबाई पुन्हा खाली आल्या. चेहरा पाहून गेल्या असाव्यात. म्हणाल्या, "काका, बहिणीला फोन लावून देऊ का?"

मी म्हटलं, "पत्र येईल."

"आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तर तेच तिचं उत्तर."

"तुम्ही ना काका," त्या जिना चढता चढता म्हणाल्या, "सरळ बोलाल तर शपथ."

२ मे, मंगळवार

पोळं नारळाएवढं झालं आहे. पेटीची पुढची फळी फुगली. नर्सबाईंच्या सासूबाईंना आज जिन्यात डंख बसला, मानेवर. म्हातारी वरून मला ऐकू येईल अशा बेतानं बोलत होती, "खालच्यानं पाळल्यात! माणसं कुत्री पाळतात, मांजरं पाळतात, ह्यानं गांधीलमाश्या पाळल्यात!"

नर्सबाई खाली आल्या. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. "काका, महिना झाला. तुम्हाला त्यांचं काय वाटतं ते मला कळत नाही. पण वर म्हातारं माणूस आहे."

मलाही नीट कळत नाही. एवढंच कळतं की त्या पोळ्याला हात लावायचा म्हटलं की तळव्यांच्या थापा ऐकू येतात. औषधवाल्याला बोलावलं.

४ मे, गुरुवार

सकाळी साडेसहाला औषधवाला आला. गारव्यात माश्या सुस्त असतात म्हणे. पस्तिशीचा गडी, पाठीवर पंप, डोक्याला जाळीची टोपी, आणि तोंडाची टकळी चालू. "काका, पेटीत प्रेमपत्रं आहेत का हो? असतील तर आधीच काढून घ्या, औषधानं शाई जाते."

मला म्हणाला, "तुम्ही आत थांबा. दार नुसतं लोटून ठेवा, अंगावर आल्या तर मला पटकन आत घुसता आलं पाहिजे."

मी आत गेलो. दार लोटलं. पंपाचा फिस्स आवाज आला, मग लाकूड निखळल्याचा. पेटीचा तळच खाली आला होता. मग ती गुणगुण, पण आता गोड नाही. तो ओरडला, "आयला!" आणि पावलं दाराकडे धावत आली.

सळ्, खट्.

मी घातली. या हातानं घातली. डोक्यात काही नव्हतं, हातात होतं.

तो दारावर थापा मारत होता. "काका! दार! काका, दार उघडा!" मी कडीवर हात ठेवून उभा. आणि मला कळलं की माझे ओठ हलत आहेत. मी कविता म्हणत होतो. शहात्तर वर्षांचा माणूस, सकाळच्या उजेडात, दाराला कपाळ टेकून: गुणगुण ज्याच्या दाराशी.

दुसऱ्या कडव्यात कडी काढली. पाचव्यापर्यंत गेलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं लिहिता येईल.

तो आत कोसळला, त्याच्याबरोबर चार-पाच माश्या. मला दोन डंख बसले, एक कानावर, एक मनगटावर. कान पेटल्यासारखा झाला. वाटलं, दोनच? तिला किती बसले होते ते कुणी मोजलं नव्हतं.

त्यानं टोपी काढली. मानेवर तीन ठिकाणी सुजलं होतं. "काका, नुसतं लोटा म्हटलं होतं ना! कडी कशाला घातलीत? मी काय दरोडेखोर आहे?"

"सवय," मी म्हणालो.

"कसली सवय?"

मी त्याला पाणी दिलं. चहा केला. तो चहा पीत हसायला लागला, म्हणाला, "जाऊ द्या, बायकोला सांगायला गंमत झाली." माझी चूक लोक किती सहज सोडून देतात. मग परत बाहेर जाऊन त्यानं उरलेलं काम केलं. या वेळी दार सताड उघडं ठेवून मी उंबऱ्यात उभा राहिलो. तो ओरडला, "आत व्हा हो!" मी नाही झालो.

५ मे, शुक्रवार

पोळं टेबलावर ठेवलं आहे. वजन नाहीच. षट्कोनी खण, एकाशी एक नेमके, कुठे ओळ चुकलेली नाही. काही खणांत पांढऱ्या अळ्या होत्या, मेलेल्या. काहींच्या तोंडावर कागदाचं झाकण, आतून बंद. ती मी उघडली नाहीत.

पेटीची मोडकी लाकडं गोळा केली. पाटी भिंतीला तशीच टाचलेली आहे, तिचा एक कोपरा लोंबतो आहे. काढायचा कंटाळा आला. आता पेटीच नाही, पाटी वाचणार कोण?

एक ठरवलं: दिवसा कडी घालायची नाही. दार नुसतं लोटायचं. नर्सबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आणि चोर आला म्हणजे?"

"त्याला म्हणेन, बसा."

"तुम्ही म्हणालही," त्या म्हणाल्या, आणि कानाला लावायला मलम देऊन गेल्या.

बटणचं उत्तर येणार नाही, हे आता मान्य करतो. तिनं पत्र वाचलं, शेवटचं वाक्य वाचलं, आणि ठेवून दिलं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. चूक आहे हे. तिच्या जागी मी काय केलं असतं हे म्हणायचा मला अधिकार नाही. तिच्या जागी मी कधी उभाच राहिलो नाही.

९ मे, मंगळवार

दुपारी चारची गोष्ट. कानाची सूज उतरली होती. पोळ्याचा एक तुकडा भिंगाखाली धरून बसलो होतो. बाहेर रिक्षा थांबली, पैशांवरून थोडी बोलाचाली झाली, मग पावलं आली. हळू, एक पाय जरा ओढत. वाटलं, नर्सबाईंच्या सासूबाई असतील.

पावलं दारापुढे थांबली. मग बाहेरून कुणी तरी एकेक शब्द सुटा करून, परीक्षेत धडा वाचतात तसं वाचलं: "येथे. टपाल. देऊ. नये."

भिंग माझ्या हातातून पोळ्यावर पडलं.

"अक्षर तुझंच," बाहेरचा आवाज म्हणाला. म्हातारा, बसका आवाज. "पूर्णविरामासकट तुझंच. इतकी वर्षं झाली तरी काना कसा ताठ काढतोस रे! म्हणजे पत्र तूच परत पाठवलंस तर. वर शिक्का काय, 'घेण्यास नकार'! अकरा वर्षांनी एका डोळ्यानं तीन दिवस बसून लिहिलं मी ते. म्हटलं, नकार द्यायचा तर माझ्या तोंडावर दे. म्हणून टपाल हातात घेऊन आले."

तेव्हा कुठे मला माझं वाक्य वाचता आलं. चार शब्द, एकही चूक नाही. मला हसू आलं की काय आलं, सांगता येत नाही. सांगायचं खूप होतं, पेटी, माश्या, बदलीवरची मुलगी, पण ते सगळं नंतर. खुर्चीचा हात धरून उठलो.

बाहेर तिनं दारावर तळवा ठेवला. थाप नाही, नुसता ठेवला. जुन्या दाराचं लाकूड कुरकुरलं.

"दादा," ती म्हणाली. हे नाव घेणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. "दादा, कडी काढ."

"कडी घातलेली नाही, बटण," मी म्हणालो. "ढकल."